ओ आली नाही म्हणून

१९७५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत कॅरन अ‍ॅन क्विनलन नावाची २१ वर्षांची मुलगी एका पार्टीनंतर बेशुद्ध झाली. तिचा श्वास काही काळ थांबला होता. त्यानंतर ती कधीच शुद्धीवर आली नाही. काही महिन्यांनी आईवडिलांनी व्हेंटिलेटर काढण्याची विनंती केली, डॉक्टरांनी नकार दिला, प्रकरण न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७६ मध्ये निकाल आईवडिलांच्या बाजूने लागला. व्हेंटिलेटर काढला की ती जाईल अशी समजूत होती. ती गेली नाही. स्वतःचा श्वास स्वतः घेत ती आणखी नऊ वर्षं जगली. नळीने अन्न देणं आईवडिलांनी चालूच ठेवलं होतं. तिचे डोळे उघडत, मिटत. झोपेचं आणि जागेपणाचं चक्र चालू होतं. फक्त हाकेला ओ येत नव्हती. जून १९८५ मध्ये न्यूमोनियाने तिचा मृत्यू झाला.

हा खटला वैद्यकीय नीतिशास्त्राच्या पुस्तकांमध्ये हमखास असतो. मला मात्र त्याचा न्यायालयाबाहेरचा शेवट जास्त महत्त्वाचा वाटतो. कॅरनच्या मेंदूची मृत्यूनंतर बारकाईने तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९९४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आले. अशा रुग्णांमध्ये कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूची बाहेरची साल, उद्ध्वस्त झालेली असते असा सर्वसाधारण समज होता. विचार, भाषा, आठवणी यांचा संबंध सालीशी. ती गेली की माणूस गेला आणि उरलं ते शरीर, असं ते सोपं गणित होतं. कॅरनच्या बाबतीत सालीचं नुकसान त्या मानाने कमी निघालं. सगळ्यात जास्त नुकसान, तेही दोन्ही बाजूंना, थॅलॅमसमध्ये झालेलं होतं.

म्हणजे 'कॅरन' कुठे गेली याचं जे उत्तर इतकी वर्षं मनात धरलं होतं, त्याचा पत्ताच निराळा निघाला. माझा प्रश्न इथून सुरू होतो. समोरच्या शरीरात कुणी आहे की नाही हे आपल्याला नक्की कळत नसेल, तर त्या शरीराशी आपण वागायचं कसं? आणि ते कळलंच, तर पुढचे प्रश्न आपोआप सुटतात का?

*

'थॅलॅमस' हा शब्द ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ आतली खोली. जुन्या वाड्यांची ज्यांना सवय आहे त्यांना मी 'माजघर' असं म्हणेन. मेंदूच्या जवळपास मध्यावर, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, अंड्याच्या आकाराचे, साधारण तीन सेंटिमीटर लांबीचे हे दोन गोळे. डोळे, कान, त्वचा, जीभ यांच्याकडून येणारी माहिती कॉर्टेक्सपर्यंत पोचायची तर तिला माजघरातूनच जावं लागतं. अपवाद फक्त वासाचा. वास परसदाराने येतो आणि माजघर न ओलांडता थेट सालीच्या एका जुन्या भागात शिरतो.

'कॉर्टेक्स' हा शब्द लॅटिन, अर्थ झाडाची साल. जाडी दोन ते चार मिलिमीटर. सुरकुत्या काढून पसरला तर एखाद्या मोठ्या रुमालाएवढा होईल. त्यात बहुतेक ठिकाणी पेशींचे सहा थर. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात, त्यांतल्या या सालीत सुमारे १,६०० कोटी. जवळपास ६,९०० कोटी असतात मागच्या बाजूला, लहान मेंदूत. गंमत अशी, की लहान मेंदूशिवाय जन्मलेली माणसं आहेत; त्यांना चालायला-बोलायला त्रास होतो, पण ती जागी असतात, बोलतात, हसतात, रुसतात. तेव्हा पेशींच्या संख्येवरून कुणी घरात आहे की नाही हे ठरत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे थॅलॅमसबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा 'हा तर राउटर!' असं वाटणं स्वाभाविक होतं. पुष्कळ पुस्तकांत 'रिले स्टेशन' असंच लिहिलेलं असतं. पण ते चित्र अपुरं आहे. थॅलॅमसमध्ये दृष्टीसाठी एक वेगळा कप्पा आहे. तिथल्या, माहिती पुढे पाठवणाऱ्या पेशींवर जितक्या जोडण्या येतात, त्यांतल्या प्रत्यक्ष डोळ्यांकडून आलेल्या जोडण्या जेमतेम ५ ते १० टक्के. बाकीच्या येतात खुद्द कॉर्टेक्सकडून, ब्रेनस्टेमकडून, आणि आजूबाजूच्या अटकाव करणाऱ्या पेशींकडून. डोळ्यांकडून येणारा संदेश जोरकस असतो हे खरं. पण माजघरातून काय पुढे जाईल यात पुढच्या खोलीतल्या माणसांचाही मोठा हात असतो.

शिवाय थॅलॅमसला बाहेरून गुंडाळलेला पेशींचा एक पातळ पडदा आहे, त्याला रेटिक्युलर न्यूक्लियस म्हणतात. या पेशी कॉर्टेक्सला काहीच पाठवत नाहीत. त्यांचं काम थॅलॅमसला गप्प करणं. गाढ झोपेत थॅलॅमसच्या पेशींची काम करण्याची पद्धतच बदलते. त्या सुट्या-सुट्या संदेशांऐवजी झटक्याझटक्याने, एका ठेक्यात चालायला लागतात आणि बाहेरच्या जगाची माहिती सालीपर्यंत धड पोचत नाही. डोळे, कान, साल, सगळं जागच्या जागी असूनही आपण तेव्हा 'नसतो'. थॅलॅमसच्या मध्यभागातले काही कप्पे तर कोणत्याच एका इंद्रियाचे नाहीत. ते सालीच्या दूरदूरच्या भागांना जागं आणि एकमेकांशी जोडलेलं ठेवतात.

म्हणून जागेपणाची एक जागा दाखवता येत नाही. साल आणि माजघर यांच्यात जी अखंड ये-जा चालते, तिच्याशी जागेपणाचा संबंध आहे. ही ये-जा खालून तुटू शकते, वरून तुटू शकते, मधल्या तारा तुटून थांबू शकते. आणि या प्रत्येक वेळी खाटेजवळ उभ्या असलेल्या माणसाला दिसतं ते एकच: हाक मारली, ओ आली नाही.

इथे एक घोटाळा टाळायला हवा. 'ब्रेन डेड' ही निराळी अवस्था आहे. त्यात ब्रेनस्टेमचं काम कायमचं थांबलेलं असतं, आपोआप श्वास चालत नाही, आणि भारतात १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार ठरावीक चाचण्या करून, त्या काही तासांनी पुन्हा करून तसं प्रमाणपत्र दिलं जातं. माझा लेख त्याबद्दल नाही. श्वास चालू आहे, डोळे उघडे आहेत आणि प्रतिसाद मात्र नाही, अशा माणसांबद्दल मी लिहिते आहे.

*

ब्रायन जेनेट हे ग्लासगोमधले न्यूरोसर्जन. 'पर्सिस्टंट व्हेजिटेटिव्ह स्टेट' ही संज्ञा त्यांनी आणि फ्रेड प्लम यांनी १९७२ मध्ये रूढ केली. दोनच वर्षांनी जेनेट आणि ग्रॅहम टीसडेल यांनी 'ग्लासगो कोमा स्केल' दिली. आज कुठल्याही तालुक्याच्या आयसीयूतही 'जीसीएस किती?' हा प्रश्न ऐकू येतो. डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का, यांचे मिळून ३ ते १५ गुण. शून्य नाहीच, मृतदेहालाही ३ मिळतात. अतिशय उपयोगी मोजपट्टी आहे, तिने असंख्य जीव वाचवले असतील. पण ती काय मोजते ते पाहा. तिन्ही गोष्टी बाहेर येणाऱ्या आहेत. आत काय पोचतं याचा अंदाज आपण बाहेर काय येतं त्यावरून बांधतो.

माझ्या रोजच्या कामात हाच प्रश्न वेगळ्या कपड्यांत येतो. आमच्याकडे शेकडो सर्व्हर एकमेकांशी बोलत असतात. प्रत्येकाने ठरावीक वेळाने 'मी आहे' असा छोटा संदेश पाठवायचा, त्याला हार्टबीटच म्हणतात. समजा तो आला नाही. सर्व्हर बंद पडला असेल. किंवा तो ठणठणीत आहे, पण मधली तार तुटली असेल. किंवा त्याच्यापर्यंत आपली हाक पोचते, पण त्याची ओ आपल्यापर्यंत पोचत नसेल. किंवा तो नुसता कामात बुडून मंदावला असेल. बाहेरून या चारही गोष्टी हुबेहूब सारख्या दिसतात. बंद पडलेला आणि फार हळू चालणारा यांत, संदेश पोचायला किती वेळ लागेल याची हमी नसेल तर, बाहेरून खात्रीने फरक करता येत नाही. आमच्या क्षेत्रातली एक गाजलेली सिद्धता याच अडचणीवर उभी आहे. ती फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केली, म्हणजे कॅरन गेली त्याच वर्षी.

मग आम्ही काय करतो? टाइमआउट लावतो. तीस सेकंद उत्तर आलं नाही तर सर्व्हर मेला असं समजायचं आणि पुढे जायचं. ते तीस सेकंद आम्ही कुठून शोधून काढलेले नसतात, ठरवलेले असतात. फार कमी ठेवले तर जिवंत सर्व्हर मेलेले ठरतात, फार जास्त ठेवले तर सगळं काम खोळंबतं. दोन्हींची किंमत बघून कुणीतरी आकडा टाकतं, आणि चांगल्या टीममध्ये तो कुणी आणि का टाकला हेही लिहून ठेवतात. माणूस म्हणजे सर्व्हर नव्हे, हे मला कुणी सांगायची गरज नाही. सर्व्हर पुन्हा सुरू करता येतो. पण 'उत्तर आलं नाही' आणि 'उत्तर देणारा नाही' या दोन वाक्यांमधलं अंतर मला या कामाने शिकवलं. आणि ते अंतर पार करतो तेव्हा आपण काहीतरी ठरवलेलं असतं, हेही.

*

ते अंतर किती मोठं असू शकतं हे २००६ मध्ये दिसलं. एड्रियन ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हेजिटेटिव्ह अवस्थेत असलेल्या एका २३ वर्षांच्या स्त्रीला एफएमआरआय यंत्रात ठेवून सांगितलं, 'तुम्ही टेनिस खेळताय अशी कल्पना करा.' मग सांगितलं, 'तुमच्या घरात खोल्याखोल्यांतून फिरताय अशी कल्पना करा.' या दोन कल्पनांच्या वेळी निरोगी माणसाच्या मेंदूतले वेगवेगळे भाग काम करतात. तिच्याही मेंदूत तेच भाग काम करत होते. २०१० मध्ये अशा ५४ रुग्णांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या पाच जणांना सांगितल्याप्रमाणे मेंदूचं काम बदलता आलं, आणि एकाने 'टेनिस' म्हणजे हो, 'घर' म्हणजे नाही अशा पद्धतीने साध्या प्रश्नांची उत्तरंही दिली.

२०२४ मध्ये याहून बरीच मोठी पाहणी आली. त्यात खाटेजवळ सांगितलेली कोणतीच गोष्ट न करणारे २४१ रुग्ण होते. त्यांतल्या ६० जणांच्या, म्हणजे चारांतल्या एकाच्या मेंदूने एफएमआरआयवर किंवा ईईजीवर सूचना पाळल्या. बातम्यांत हा आकडा आला. त्याच पाहणीतला दुसरा आकडा मात्र मला जास्त अस्वस्थ करतो. खाटेजवळ सूचना पाळणारे, म्हणजे शुद्धीत असल्याबद्दल ज्यांच्याविषयी शंकाच नव्हती असे ११२ रुग्णही तपासले होते. त्यांच्यापैकी यंत्राला फक्त ४३ सापडले. शुद्धीत असलेल्या माणसांतलीही बहुसंख्य माणसं ज्या यंत्राला दिसत नाहीत, त्या यंत्राने 'इथे कुणी नाही' म्हटलं तर त्याचं किती ऐकायचं? यंत्राच्या 'हो'ला वजन आहे. 'नाही'ला फारसं नाही.

आणि तुटलेली ये-जा कधी कधी जोडताही येते. २००७ मध्ये निकोलस शिफ यांच्या गटाने एका ३८ वर्षांच्या माणसाबद्दल लिहिलं. मेंदूला जबर मार लागून त्याला सहा वर्षं झाली होती. तो किंचित शुद्धीच्या अवस्थेत होता. त्याच्या थॅलॅमसच्या मध्यभागी दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोड बसवून सौम्य विद्युतप्रवाह दिल्यावर तो तोंडाने जेवू लागला, वस्तूंची नावं सांगू लागला. हा सगळ्यांना लागू पडणारा इलाज नाही. पण सहा वर्षं त्या माणसात काहीतरी शिल्लक होतं, आणि माजघराचं दार जरा किलकिलं झाल्यावर ते बाहेर आलं, एवढं तरी यातून कळतं.

*

काही तत्त्वज्ञ इथे म्हणतील की सगळी अडचण निदानाची आहे, तत्त्वाची नाही. जाणिवेची क्षमता कायमची गेली की व्यक्ती संपली, एवढं तत्त्व मान्य करा. क्षमता गेली की नाही ते विज्ञान आज ना उद्या सांगेल. मी या युक्तिवादाच्या मोहात बरेच दिवस होते, कारण तो स्वच्छ आहे. पण जाणिवेची क्षमता कुठल्या भागात आहे हे धरून चालल्याशिवाय ते तत्त्व वापरताच येत नाही, आणि तिथे आपण पुन्हा पुन्हा चकतो. कॅरनच्या बाबतीत बहुतेकांचं बोट सालीकडे होतं. जवळजवळ सगळा कॉर्टेक्स नसताना जन्मणारी काही बाळं असतात. त्यांच्यातली काही ओळखीच्या माणसाकडे बघून हसतात, आवडत्या गाण्याला खुलतात, अशा नोंदी ब्योर्न मर्कर यांनी २००७ मध्ये मांडल्या तेव्हा मोठा वाद झाला. आणि कावळ्याला तर आपल्यासारखा सहा थरांचा कॉर्टेक्स नसतोच. पिंडाला शिवायचं की नाही यावरून घरच्यांना तासभर ताटकळत ठेवणाऱ्या त्या पक्ष्याला काहीच जाणवत नाही, असं मला तरी छातीठोकपणे म्हणवणार नाही.

तर आपल्याला कळत नाही, आणि बराच काळ कळणार नाही. या 'कळत नाही'चं करायचं काय?

पहिलं उत्तर सोपं वाटतं: शंकेचा फायदा रुग्णाला द्या, कुणीतरी आहे असं धरून चाला. मला ते मान्य आहे. पण याच वाक्याला लागून आपण दुसरं वाक्य बोलून टाकतो, 'म्हणून उपचार चालू ठेवा', आणि ती उडी मला मान्य नाही. आत कुणीतरी असेल, तर त्याला दुखतही असेल. दर दोन तासांनी घशात घालून कफ खेचणारी ती नळी त्याला जाणवत असेल. छतावरच्या पंख्याकडे बघत सरलेले तीनशे दिवस त्याने मोजलेही असतील. आत कुणीच नसेल तर यंत्रं चालू ठेवल्याने निदान त्या माणसाला त्रास तरी नाही. म्हणजे 'कुणीतरी आहे' या बातमीमुळे पुढे चालू ठेवण्याचा निर्णय सोपा होत नाही, उलट अवघडच होतो.

हे दोन प्रश्न आपण कायम एकात एक मिसळतो: इथे कुणी आहे का, आणि आपण हे चालू ठेवावं का? पहिल्याचं उत्तर येत नसेल तेव्हा 'आहे' असं धरावं, कारण तसं धरायला फार काही लागत नाही. कूस बदलताना सांगावं. वेदनाशामक द्यावं. दाढी करताना, केस विंचरताना आपण माणसाला हात लावतोय हे लक्षात ठेवावं. खाटेच्या दोन बाजूंना उभं राहून फ्लॅट कुणाच्या नावावर करायचा यावर बोलू नये. आत कुणी नसेल तर आपले चार शब्द वाया गेले; असेल तर एका माणसाला दिवसातून चार वेळा तरी माणसासारखं वागवलं गेलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मेंदूत सापडायचं नाही. ते त्या माणसाच्या आयुष्यात शोधावं लागतं.

थॅलॅमस हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो माझ्या आत्याच्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टवर. ब्लडप्रेशरमुळे तिथेच रक्तस्राव झाला होता. ती निवृत्त शिक्षिका, वय ६३. दोन आठवडे काहीच प्रतिसाद नाही. 'तू इंजिनिअर आहेस, जरा वाचून सांग,' असं म्हणत नातेवाइकांनी फाईल माझ्याकडे दिली, जणू सॉफ्टवेअर आणि मेंदू एकाच कॉलेजात शिकवतात. मी रात्र रात्र वाचलं आणि मला जे सांगता आलं ते असं, की रिपोर्टमध्ये रक्त कुठे आहे ते लिहिलंय, आत्या कुठे आहे ते लिहिलेलं नाही. काका म्हणत होते, तिला आता काही कळत नाही. आत्तेभाऊ काही म्हणत नव्हता. तो आत गेला की बोलायचा: 'आई, पाय चेपतोय. आई, बाहेर पाऊस लागलाय. आई, आता सिस्टर इंजेक्शन देणारेत.' डॉक्टरांनी विचारलं की घशाला छिद्र पाडून दीर्घकाळ यंत्रावर ठेवायची तयारी करायची का, तेव्हा निर्णय त्यानेच घेतला, आणि जीसीएसकडे बघून घेतला नाही. आत्याच्या सासूबाई दोन वर्षं नळीवर होत्या. त्यांचं सगळं आत्यानेच केलं होतं, आणि त्या काळात ती एकदा नाही, अनेकदा म्हणाली होती, 'माझं असं करू नका रे.' पुढचे उपचार वाढवायचे नाहीत असं ठरलं. ठरलेलं त्याने आधी आत जाऊन आईला सांगितलं, मग आम्हाला. आई आहे असं धरून तो बोलत राहिला, आणि आई आहे असं धरूनच त्याने तिचं म्हणणं पाळलं. यांत मला विरोध दिसत नाही. दोन्ही एकाच आदरातून आलं.

*

अरुणा शानबागच्या प्रकरणात हा आधार नव्हता. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली ही परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिच्यावर हल्ला झाला, गळा आवळल्यामुळे मेंदूचा प्राणवायू तुटला, तेव्हा ती २५ वर्षांची होती. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, एकेचाळीस वर्षांहून जास्त काळ, केईएमच्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या तिचं सगळं केलं. पिंकी विराणी यांनी तिला या अवस्थेतून सोडवावं म्हणून याचिका केली. सर्वोच्च न्यायालयाने तीन डॉक्टरांची समिती नेमली. व्हेजिटेटिव्ह अवस्थेचे बहुतेक निकष पूर्ण होतात असं समितीने सांगितलं. खोलीत गर्दी झाली की ती अस्वस्थ होते, आवडीचं खाणं दिलं की चेहऱ्यावर ते दिसतं, अशा अर्थाच्या गोष्टीही न्यायालयासमोर आल्या. ७ मार्च २०११ ला निकाल लागला: ठरावीक चौकटीत उपचार थांबवता येतील हे तत्त्व मान्य, पण अरुणाच्या बाबतीत याचिका फेटाळली. तिच्या वतीने बोलायचा हक्क तिची रोज काळजी घेणाऱ्या केईएमच्या लोकांचा, असं न्यायालयाने म्हटलं.

तेव्हा मी शाळेत होते, आणि पेपरातल्या चर्चांवरून मला वाटलं होतं की यात एक बाजू दयाळू आणि एक निर्दय आहे. आज दोन्ही बाजू दयाळू दिसतात. परिचारिका म्हणत होत्या, ती आहे, आम्हाला दिसते. विराणी म्हणत होत्या, असणं एवढं पुरेसं नाही. दोघीही अरुणाबद्दलच बोलत होत्या. खोलीत नव्हतं ते एकच माणसाचं मत: अरुणाचं. पंचविशीतल्या मुलीला असं काही कोण विचारतं? आणि विचारलं असतं तर तिने तरी काय उत्तर दिलं असतं?

ही सोय आता आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'लिव्हिंग विल'ला मान्यता दिली, २०२३ मध्ये त्याची पद्धत बरीच सुटसुटीत केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर काम होतं. गेल्या वर्षी मी माझं लिहायला घेतलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, 'शुभ बोल नाऱ्या! लग्नाची यादी करायच्या वयात ही कसली यादी?' पहिल्या मसुद्यात मी अगदी इंजिनिअरी पद्धतीने लिहिलं होतं: अमुक इतके महिने प्रतिसाद नसेल तर, अमुक भागाचं नुकसान असेल तर. मग लॉक्ड-इन रुग्णांबद्दल वाचलं. हे रुग्ण पूर्ण शुद्धीत असतात, पण बहुतेकांना फक्त डोळे हलवता येतात. अशा ६५ जणांना विचारून केलेली एक पाहणी २०११ मध्ये आली. त्यांतल्या ४७ जणांनी आपण सुखी असल्याचं सांगितलं, १८ जणांनी दुःखी. निरोगी माणसाला विचाराल तर तो म्हणेल, त्यापेक्षा मरण बरं. मीही तेच म्हटलं असतं. म्हणजे उद्याच्या माझ्याबद्दल आजच्या मला जे वाटतं, तेही एक प्रकारचं लांबून केलेलं निदानच आहे, आणि चुकू शकणारं.

तरी मी ते फाडून टाकलं नाही, कारण न लिहिल्याने निर्णय टळत नाही. तो कुणावर तरी पडतो, बहुधा रात्री, आयसीयूच्या बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, आणि त्या माणसाला तो आयुष्यभर वागवावा लागतो. मी आता मेंदूच्या भागांची नावं काढून टाकली आहेत. मला कशाची भीती वाटते, कशासाठी थोडा त्रास सोसायला माझी तयारी आहे, ते साध्या मराठीत लिहिलं आहे. माझ्या वतीने बोलतील अशा दोन माणसांची नावं दिली आहेत आणि त्यांना विचारूनच दिली आहेत. शेवटी त्यांच्यासाठी एक परिच्छेद आहे: माझ्याशी शेवटपर्यंत बोला, मला कळतं की नाही याचा हिशोब न ठेवता. आणि थांबायचं ठरवाल तेव्हा 'ती तशीही नव्हतीच' असं म्हणून स्वतःची समजूत घालू नका, कारण ते तुम्हाला माहीत नसेल. 'आम्ही ठरवलं' असं म्हणा. तसं ठरवायला मी तुम्हाला सांगितलं होतं.